निसणा : वस्तऱ्यासाठी दगडाची पारख

मनुष्याने घडविलेल्या धारदार साधनांत वस्तरा हे अत्यंत नाजूक साधन होय. कुऱ्हाड बोथट झाली तर लाकडावर दोन घाव अधिक घालावे लागतात. विळ्याची धार गेली तर कापणी लांबते. वस्तऱ्याच्या धारेतील दोष मात्र थेट माणसाच्या गालावर उमटतो. म्हणूनच ज्या दगडावर वस्तरा पाजवावयाचा त्या दगडाची निवड हा विषय वरवर किरकोळ वाटला तरी तो तसा नाही. अयोग्य दगडावर वस्तरा घासला म्हणजे एका सकाळीच त्या पात्याचे कित्येक वर्षांचे आयुष्य झिजून जाते. योग्य दगड लाभला तर आजोबांचा वस्तरा नातवाच्याही उपयोगी पडतो.

न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी यांच्या जोडीला एक लहानसा गुळगुळीत दगड असावयाचाच. मराठीत त्याला निसणा किंवा सहाण म्हणतात. 'सहाण' हा शब्द संस्कृतातील 'शाण' या शब्दाशी नाते सांगतो. हिंदीभाषक प्रदेशांत याच दगडाला 'सिल्ली' अथवा 'पथरी' म्हणतात, आणि ज्या चामड्यावर वस्तरा शेवटी फिरवावयाचा त्यास 'चमोटा' असे नाव आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून ज्या रायपुरात मराठी माणसांची ये-जा आणि वस्ती आहे, तेथे घरात निसणा म्हणणाऱ्यालाही बाजारात सिल्लीच मागावी लागते. महाराष्ट्रात ज्याप्रमाणे न्हावी हा बलुतेदार, त्याप्रमाणे छत्तीसगढच्या खेड्यांत 'नाऊ' हा पौनी-पसारीच्या व्यवस्थेतील एक घटक होय. दोन्हीकडे दगडाची पारख पोथीतून न येता एका हातातून दुसऱ्या हाताकडे गेली.

तथापि ग्रंथांनी या विषयाची दखलच घेतली नाही असे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठवा अध्याय शस्त्रांविषयी आहे. शस्त्रास धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिला वापरावी व धार स्थिर करण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, असे तेथे सांगितले आहे. शस्त्र केस कापू लागले म्हणजे ते योग्य प्रकारे पाजविले गेले, अशी कसोटीही दिली आहे. कोणत्या कामाच्या शस्त्राची धार किती जाड असावी याचेही प्रमाण तेथे आढळते : भेदन करणाऱ्या शस्त्राची मसुरीएवढी, तर छेदन करणाऱ्याची अर्ध्या केसाएवढी. प्रथम गुळगुळीत दगड, नंतर मऊ पृष्ठभाग आणि अखेर केसाची परीक्षा हा क्रम आजही बदललेला नाही.

धार म्हणजे काय?

दगड निवडण्यापूर्वी त्याच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पात्याच्या दोन बाजू उतरत उतरत ज्या रेषेत एकमेकींना मिळतात ती रेषा म्हणजे धार. ही रेषा भूमितीतल्यासारखी जाडीविरहित नसते. चांगल्या वस्तऱ्यात तिची जाडी एक मायक्रॉनपेक्षाही कमी असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे धारेच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल.

सुरीला धार लावताना दगडाशी किती कोन करावयाचा हे धार लावणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असते. वस्तऱ्याच्या रचनेत मात्र हा प्रश्न घडविणाऱ्यानेच सोडवून ठेवलेला असतो. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाते सुमारे १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ सुमारे साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून होणारा कोन १६ अंशांच्या आसपास येतो. म्हणून वस्तऱ्याची पाठ दगडावरून कधीही उचलावयाची नाही, हा या विद्येतील पहिला नियम. त्यातून दुसरी एक गोष्ट ओघानेच येते. प्रत्येक घासणीत धारेबरोबर पाठही झिजते. दगड भरड असेल तर पाठ वेगाने सपाट होते आणि पात्याचे मूळ प्रमाण बिघडते.

दगडाची कामे दोन. पात्याचे दोन्ही उतार एका रेषेत आणून मिळविणे हे पहिले. त्या उतारांवर पडलेले ओरखडे टप्प्याटप्प्याने बारीक करणे हे दुसरे. प्रत्येक ओरखडा धारेपाशी येऊन संपतो आणि तेथे एक सूक्ष्म खाच ठेवून जातो. ओरखडा जितका खोल, तितकी धार करवतीसारखी. अशी धार केस कापते खरी, परंतु त्याबरोबर त्वचाही खरवडते. दाढीनंतर गालांची जी आग होते तिचे कारण पुष्कळदा बोथट धार नसून भरड दगडाची धार असते.

धार बोथट कशी होते, याविषयी अलीकडे नवे ज्ञान हाती आले आहे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो. तरीही तो पोलादी पात्याला निकामी करतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करण्याच्या पात्यांचे निरीक्षण करून २०२० मध्ये असे दाखवून दिले की, पाते केवळ घासून झिजत नाही. केस पात्याशी तिरका वाकला आणि तेथे पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, तर धारेचा अतिसूक्ष्म टवका उडतो. ही पाती कारखान्यात तयार झालेली होती. तथापि धारेवर ओरखड्यांच्या खाचा शिल्लक ठेवू नयेत, हा जुन्या कारागिरांचा आग्रह किती सार्थ होता हे या संशोधनामुळे अधिक स्पष्ट होते.

रायपूरच्या परिसरातील दगड

दगड पोलादाला कापतो तो त्यातील कठीण कणांमुळे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्सच्या दहा अंशांच्या मापात कॅल्साइट तिसऱ्या स्थानी आहे, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचे खनिज सातव्या आणि कुरुंद नवव्या. पाणी दिलेले पोलाद साडेसहाच्या जवळपास येते. म्हणजे ज्या दगडात निदान क्वार्ट्झइतके कठीण कण आहेत तोच पोलादाला कापू शकेल. परंतु एवढे पुरेसे नाही. ते कण बारीक असावेत, सर्वत्र सारखे पसरलेले असावेत, आणि ज्या द्रव्याने ते एकत्र धरून ठेवले आहेत ते फार घट्टही नसावे व फार ठिसूळही नसावे. कठीणपणा, सूक्ष्मता, समानता आणि बांधणी या चार कसोट्या होत. रायपूरच्या आसपास विपुल सापडणारे दगड या कसोट्यांवर घासून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ चांगला उलगडतो.

रायपूरचे मैदान ज्या खडकांवर पसरले आहे ते शंभर कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत. एका उथळ प्राचीन समुद्राच्या तळाशी वाळू, चिखल आणि चुना यांचे थर साचून ते बनले. त्यांतील तळाकडचे वालुकाश्म महानदीकाठच्या चंद्रपूर या गावाच्या नावाने ओळखले जातात. महाराष्ट्रातील चंद्रपुराशी त्यांचा संबंध नाही. या वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर आहे, म्हणजे पहिली कसोटी तो सहज उतरतो. परंतु भूविज्ञानाच्या व्याख्येनुसार वाळूचा अगदी लहान कणही सुमारे ६० मायक्रॉनचा असतो. तो जवळजवळ केसाएवढाच झाला. एक मायक्रॉनहून पातळ धार असल्या कणांवर कशी टिकावी? विळा, कोयता आणि कुऱ्हाड यांच्यासाठी वालुकाश्म उत्तम. वस्तऱ्याला तो स्पर्शही करू देऊ नये.

त्यावरचा मोठा थर चुनखडीचा. रायपूर आणि बलौदाबाजारच्या परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच दगडाच्या बळावर. घासून गुळगुळीत केलेली चुनखडीची फरशी हाताला इतकी मऊ लागते की, हा वस्तऱ्याचा निसणा व्हावा असा मोह पडतो. परंतु चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्साइट. त्याचा कठीणपणा तीन असल्यामुळे ते पोलादाला कापूच शकत नाही. अशा दगडावर कितीही वेळ घासले तरी धार येणार नाही. क्वचित त्यात अडकलेला वाळूचा एखादा कण मात्र धारेला खाच पाडील. अनोळखी दगड चुनखडीचा आहे काय हे ओळखण्याची रीत सोपी आहे. त्याची थोडी पूड करून तिच्यावर लिंबाचा रस किंवा शिरका टाकावा. बुडबुडे आले तर दगड वस्तऱ्याच्या कामाचा नाही.

तिसरा प्रकार जांभळट, पापुद्र्यांच्या शेलचा. चिखल दबून घट्ट झाला की शेल बनतो. त्यातील कण बारीक असतात हे खरे, परंतु त्याची बांधणी सैल असते. पाणी लागताच तो पापुद्र्यांनी सुटतो, आणि त्यात मधूनच भरड रेती असते. हाच शेल भूगर्भात दाब व उष्णता यांखाली रूपांतर पावला असता तर त्याचा पाटीचा दगड झाला असता. जगातील वस्तऱ्याचे कित्येक नामांकित दगड याच कुळातील आहेत. रायपूरच्या मैदानातील थर मात्र मोठ्या प्रमाणावर दाबले-मुरडले गेले नाहीत. ते बहुतांशी साचले तसेच आडवे राहिले. दगडांनी भरलेल्या या भूमीत वस्तऱ्याचा दगड बाहेरून का आणावा लागतो, याचे उत्तर भूगर्भाच्या या शांततेत आहे. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाची गोष्ट थोडी निराळी आहे. तो लाव्हा थंड होऊन बनला आहे. पाटा-वरवंट्याला आणि जात्याला तो योग्य, परंतु निरनिराळ्या कठीणपणाच्या स्फटिकांचे ते मिश्रण असल्यामुळे वस्तऱ्याला हवा असलेला एकसारखेपणा त्यात नसतो.

छत्तीसगढात कुरुंदही आढळतो. दक्षिणेकडे बिजापूर जिल्ह्यातील भोपालपटनमच्या भागात त्याचे साठे आहेत. महाराष्ट्रात तो भंडारा जिल्ह्यात सापडतो. या खनिजाचे इंग्रजी नाव 'कोरंडम' हे तमिळ 'कुरुंदम' या शब्दावरून आले आहे. पोलादाहून कितीतरी कठीण असा हा पदार्थ जसाच्या तसा वापरता येत नाही. त्याची पूड करून ती वितळलेल्या लाखेत मिसळावी आणि त्या मिश्रणाचे चक्र बनवावे, ही भारतातील जुनी युक्ती. रत्ने घासणारे कारागीर अशी चक्रे वापरीत. कठीण कण एका पदार्थाचे आणि त्यांना धरून ठेवणारे द्रव्य दुसरे, हेच आजच्या कारखान्यांत बनणाऱ्या प्रत्येक कृत्रिम दगडाचे तत्त्व आहे.

नामांकित नैसर्गिक दगड

जगात मोजक्याच ठिकाणी निसर्गाने चारही कसोट्या एकत्र जुळवून आणल्या आहेत. बेल्जियममधील आर्देन प्रदेशात फिकट पिवळ्या रंगाचा 'कोटिक्यूल' नावाचा दगड मिळतो. त्यात गार्नेटचे असंख्य सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांचा आकार सुमारे ५ ते २० मायक्रॉन, म्हणजे तसा मोठाच. तरीही या दगडाची धार अत्यंत मऊ लागते. गार्नेटचे स्फटिक अनेक पैलूंचे, जवळजवळ गोलाकार असतात. अणकुचीदार कणाप्रमाणे ते पोलादात खोल रुतत नाहीत, उथळ ओरखडे काढतात. केवळ कणांच्या आकारावरून दगडाची योग्यता ठरत नाही, हे यावरून दिसून येते.

जर्मनीतील थुरिंजिया प्रांताचा दगड पाटीच्या कुळातला. त्यात अतिसूक्ष्म कण दाट व एकसारखे बसलेले असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो युरोपात सर्वत्र जात असे. आता बहुतेक जुनेच दगड हातोहाती फिरतात. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात जवळजवळ शुद्ध सिलिकेचा जो दगड मिळतो त्याला भूवैज्ञानिकांनी 'नोव्हॅक्युलाइट' असे नाव दिले. लॅटिनमध्ये 'नोव्हाक्युला' म्हणजे वस्तरा. दगडाच्या नावातच त्याचा उपयोग नोंदला गेला. जपानमध्ये क्योतोच्या डोंगरांतील दगडांना शतकानुशतके मान आहे. तेथे मुख्य दगडावर 'नागुरा' नावाचा लहान दगड पाण्यात घासून दाट लगदा तयार करतात आणि त्या लगद्यात वस्तरा फिरवितात. लगद्यातील कण घासता घासता अधिक बारीक होत जातात अशी समजूत आहे, आणि कारागीर पाणी वाढवून लगदा हळूहळू पातळ करीत नेतो. एकाच दगडावर भरडपासून सूक्ष्मापर्यंतचा प्रवास साधण्याची ही रीत आहे.

हे सर्व दगड महाग असतात आणि दोन दगड कधीही तंतोतंत सारखे नसतात. दगडाचे गाव किंवा रंग पाहून किंमत मोजणे म्हणूनच धोक्याचे आहे. परीक्षा करावयाची ती त्याच दगडाची. त्याच्या कुळाची नव्हे.

कृत्रिम दगड आणि क्रमांकांचा अर्थ

अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचिसन याने १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि 'कार्बोरंडम' या नावाने ते जगभर पसरले. पुढे कृत्रिम अ‍ॅल्युमिनाही आले. रासायनिकदृष्ट्या ते कुरुंदच होय. भारतात मद्रासमध्ये १९५४ साली कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली आणि असे घर्षक पदार्थ देशात बनू लागले. कृत्रिम दगडाचा मोठा गुण म्हणजे खात्री. नैसर्गिक दगडात दडलेली रेती किंवा गारगोटीची शीर असण्याची भीती त्यात नसते, आणि एक दगड झिजला तर त्याच्यासारखाच दुसरा मिळतो.

कृत्रिम दगडांवर क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक. जपानी पद्धतीने क्रमांकित केलेल्या १००० च्या दगडातील कण सुमारे ११ ते १५ मायक्रॉनचे असतात. ४००० च्या दगडातील सुमारे ३ ते ६, आणि ८००० च्या दगडातील सुमारे १ ते ३ मायक्रॉनचे. उत्पादकागणिक थोडा फरक पडतो. मात्र येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. निरनिराळ्या देशांची क्रमांकपद्धती एक नाही. अमेरिकी पद्धतीतील ६०० हा क्रमांक जपानी पद्धतीतील सुमारे १२०० च्या बरोबरीचा आहे. दगड कोणत्या पद्धतीने मोजला आहे हे न विचारता क्रमांकावर विसंबणे म्हणजे शेर आणि किलो यांची गल्लत करण्यासारखे आहे. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारा दोन बाजूंचा करडा दगड सुताराच्या रंध्यासाठी व स्वयंपाकघरातील सुरीसाठी असतो. त्याची 'बारीक' म्हटलेली बाजूही वस्तऱ्याला भरडच असते.

निवड कशी करावी

किती दगड घ्यावेत हे वस्तऱ्याची अवस्था पाहून ठरवावे. वस्तरा चांगला असून केवळ थोडा ओढू लागला असेल, तर एकच अतिसूक्ष्म दगड पुरे. जुन्या बाजारातून आणलेल्या, धार पूर्ण गेलेल्या वस्तऱ्यासाठी तीन टप्पे लागतात : उतार मिळविण्यासाठी १००० चा, मधल्या कामासाठी ४००० च्या आसपासचा, आणि शेवटासाठी ८००० चा किंवा त्याहून सूक्ष्म. ज्याला एकच वस्तरा वापरावयाचा आहे त्याने १००० चा दगड विकत घेण्याऐवजी पहिले काम जाणकाराकडून एकदा करून घ्यावे. हा दगड पोलाद वेगाने खातो, आणि नवशिक्याच्या हाती वस्तऱ्याची सर्वांत अधिक हानी तोच करतो.

आकाराचाही विचार करावा. वस्तऱ्याचे पाते सुमारे ७५ मिलिमीटर लांब असते. दगड तितकाच रुंद असेल तर संपूर्ण धार एकदम टेकते. दगड अरुंद असेल तर वस्तरा पुढे नेताना तिरका सरकवावा लागतो, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत प्रत्येक भागाला सारखी घासणी मिळते. न्हाव्याचा तळहाताएवढा निसणा याच रीतीने वापरला जाई. लहान दगड वाईट नव्हे. तो केवळ अधिक सराव मागतो.

जुना किंवा अनोळखी दगड पारखताना पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम दगड स्वच्छ धुऊन वाळवावा व हलकेच वाजवून पाहावा. बद्द आवाज आला तर आत भेग असण्याचा संभव असतो. नंतर ओल्या पृष्ठभागावरून अंगठ्याचे नख हळू ओढावे. नखावर ठळक रेघा उठल्या किंवा एखाद्या जागी नख अडखळले, तर तेथे भरड कण किंवा कठीण शीर आहे. मग त्यावर पाणी घेऊन दुसरा लहान दगड घासावा आणि निघालेला लगदा दोन बोटांत चोळावा. तो लोण्यासारखा लागावा, रवाळ लागू नये. शेवटी एखादी जुनी सुरी किंवा टाकाऊ वस्तरा घासून त्यावरचे ओरखडे दहा पट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली पाहावेत. सर्व ओरखडे सारखे असतील तर दगड विश्वासार्ह. शंभर बारीक ओरखड्यांत एकच खोल ओरखडा दिसला तरी तो दगड नाकारावा, कारण धारेचे भवितव्य त्या एका ओरखड्यावर ठरते. चांगला वस्तरा या परीक्षेसाठी कधीही वापरू नये.

जुन्या दगडावर पूर्वी तेल वापरले होते की पाणी, हेही पाहावे. तेल मुरलेल्या दगडावर पाणी ठरत नाही. तो पाण्याचा दगड म्हणून घेतल्यास निराशा होते. आर्कान्साचा दगड तेलावर चालतो. जपानी व बहुतेक कृत्रिम सूक्ष्म दगड पाण्यावर. त्यांपैकी काही आधी पाण्यात भिजवावे लागतात, तर काहींना वर शिंपडलेले पाणी पुरते. याबाबत उत्पादकाची सूचना मानावी.

सपाटी, भार आणि चामडे

निवडलेला दगड सपाट नसेल तर वरील सारी पारख व्यर्थ जाते. वापरता वापरता दगड मध्यभागी खोलगट होतो. अशा दगडावर धार सर्वत्र सारखी टेकत नाही. म्हणून दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि जाड काचेवर पाण्यात वापरण्याचा पॉलिश कागद पसरून त्यावर दगड घासावा. सर्व रेघा पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला.

वस्तरा घासताना धार पुढे ठेवून, पाठ व धार दोन्ही टेकवून, जवळजवळ वस्तऱ्याच्या स्वतःच्या भारानेच तो पुढे न्यावा. टोकाशी पोहोचताच पाठीवर उलटावा; धारेवर उलटल्यास केलेले काम नष्ट होते. जोर दिल्याने काम लवकर होत नाही. पातळ पाते वाकते आणि धार दगडावरून उचलली जाते.

येथे फिरत्या चक्राविषयीही इशारा देणे आवश्यक आहे. दारावर येणाऱ्या धारवाल्याचे चक्र स्वयंपाकघरातील सुऱ्यांसाठी असते. वस्तऱ्याची कडा इतकी पातळ असते की कोरड्या चक्रावर ती क्षणात तापते, आणि ताप सुमारे २०० अंश सेल्सियसच्या वर गेला की पोलादाला दिलेले पाणी उतरू लागते. कडा निळसर झाली म्हणजे ते पोलाद मऊ पडले असे समजावे. मग कोणताही दगड त्या भागावर टिकाऊ धार आणू शकत नाही.

दगडानंतर चामडे. चामड्यावर धार मागे ठेवून, म्हणजे पाठ पुढे करून, वस्तरा ओढावयाचा असतो. दगडाने शिल्लक ठेवलेली पोलादाची अतिपातळ झालर त्यामुळे सरळ होते. प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा चामड्यावर फिरविला तर दगडाची गरज काही महिन्यांतून एकदाच लागते. चांगला निसणा तो, जो क्वचित लागतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

उरलेले ज्ञान

किंग जिलेट याच्या कंपनीने १९०३ मध्ये बदलत्या पात्याचा दाढीचा सापळा विकण्यास आरंभ केला आणि घरातील वस्तऱ्याला ओहोटी लागली. न्हाव्याच्या दुकानातून तो उशिरा गेला. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली. त्यानंतरच्या काळात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते वापरण्याचा आग्रह वाढत गेला आणि अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा सर्वत्र आला. हा बदल हितकारकच होता. कावीळ ब आणि एचआयव्ही यांचे विषाणू रक्तातून पसरतात, आणि दगड किंवा चामडे यांवर वस्तरा फिरविल्याने तो निर्जंतुक होत नाही. म्हणून आज निसण्यावर धार लावलेला वस्तरा एकाच माणसाने स्वतःपुरता वापरावा. तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चालवू नये.

परंतु या बदलाबरोबर एक ज्ञानही मागे पडले, आणि त्याची कोठे फारशी नोंद झाली नाही. ज्याने भूविज्ञानाचे नाव ऐकले नव्हते त्या न्हाव्याला कोणता दगड कापतो, कोणता नुसताच घासतो आणि कोणता ओरखडतो हे ठाऊक होते. त्याची कसोटी प्रयोगशाळेत नव्हती. ती रोज समोर बसणाऱ्या माणसाच्या गालावर होती, आणि चूक झाली तर रोजी जात होती. समाजाने त्याच्या कामाला हलके लेखले, तरी त्या कामातील सूक्ष्मता मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. आजही एखाद्या घरी जुन्या धोकटीत झिजून पातळ झालेला, मधोमध किंचित खोलगट असा दगड सापडतो. तो टाकून देण्यापूर्वी धुवावा, नखाने तपासावा, सपाट करून पाहावा. तो निसणा अद्याप उपयोगी असण्याचा पुष्कळ संभव आहे. दगड लवकर म्हातारा होत नाही.